खराटा खाली ठेवायची वेळ

गोठ्यात शिरण्याआधी डॉक्टर दाराशी थांबायचे, दोन्ही हात पाठीमागे धरायचे आणि गायीला विचारायचे, "येऊ का?"

गाय काय सांगणार. कान हलवायची, नाहीतर शेपटीनं माशा वारायची. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं आणि ते आत यायचे. घरातल्या माणसांना मात्र त्यांनी कधी रामराम घातला नाही. माझ्या सासऱ्यांना ते फार लागायचं. "गायीला इचारून राहिलं म्हातारं, आन आमी काय खुंटं हाव का इथं?" असं ते म्हणायचे, पण डॉक्टरांची मोपेड वळणापलीकडं गेल्यावर.

मी मूळची रत्नागिरीकडची. आठवीत शाळा सुटली, त्यामुळं लिहिण्यात काही इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. हायवेच्या कामावर पोकलेन चालवायला आलेल्या माणसाशी माझं लग्न झालं आणि मी हिंगोली जिल्ह्यात, पुसेगावजवळच्या एका वस्तीवर आले. नवरा पुन्हा कामावर गेला. कधी नाशिककडं, कधी गुजरातेत. घरात मी, सासू, सासरे आणि तांबडी. सासूला मी आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना मामा. तांबडी म्हणजे गाय, इकडच्या लाल कंधारी जातीची.

मला सगळ्याचीच धास्ती. आईकडं समुद्र होता, रात्रंदिवस आवाज. इथं दुपारी एवढं शांत की आपलाच श्वास ऐकू यावा. 'काहून' म्हणून कुणी विचारलं की मला वाटायचं, आपल्यावर रागावलंय. ते नुसतं 'का' आहे हे कळायला वर्ष गेलं. त्यात त्याच वर्षी मला दिवस राहिले आणि गेले. पोट दिसायच्याही आधी. आमच्या घरात कुणी वाईट बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण प्रत्येकानं एकेक प्रश्न विचारला. कळशी उचलली होतीस का. मोटारसायकलवर बसली होतीस का. पपई खाल्ली का. आईनंसुद्धा फोनवर तेच विचारलं. आणि मीही मलाच विचारत होते, भाकरी थापताना, अंगण झाडताना, सारखं.

तर डॉक्टर. ते गुरांच्या डॉक्टरांना शिकवणारे डॉक्टर होते. सगळा जन्म एकाच विषयात गेला, गायीची गर्भपिशवी. निवृत्त झाले आणि पुसेगावात आईच्या रिकाम्या घरी येऊन एकटे राहिले. बायको वारलेली, मुलगी भोपाळला. त्यांच्या पायात बारा महिने गमबूट. लग्नाला गमबूट, देवळात जाताना पायरीशी काढून ठेवलेले गमबूट. औंढ्याला नागनाथाच्या दारात एकदा कुणीतरी ते उचलून नेले, तर हे अनवाणी परत आले आणि चार दिवस सगळ्यांना सांगत होते, "ज्यानं नेले त्याच्याकडं जनावर असणार. बरं झालं."

चहाचंही त्यांचं एक होतं. गाय रवंथ करायला लागल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. "तिचं तोंड हलून राहिलं न्हाई अजून, मी कसा पिऊ?" तांबडी परक्या माणसासमोर लवकर रवंथ करायची नाही. चहा निवायचा, आत्याबाई पुन्हा गरम करायच्या, पुन्हा निवायचा. "असला उकळून उकळून काळा केलेला चहा पिऊन ह्या माणसाचं पोट कसं चालतं कोन जाणे," त्या चुलीशी पुटपुटायच्या. पुढं माझ्या ध्यानात आलं की गाय निवांत असेल तरच रवंथ करते, आणि घाबरलेल्या गायीला ते बोटही लावत नसत. चहा हा नुसता बहाणा असावा. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी आपलं लावलेलं आहे, चुकीचंही असेल.

अजून एक. गोठ्यात 'वांझ' हा शब्द चालायचा नाही. शेजारच्या एक आजी एकदा गायीकडं बघून सहज बोलून गेल्या, "वांझच दिसते बाई." डॉक्टर उठले, त्यांच्या कोपराला धरून त्यांना हळूच अंगणात आणून सोडलं, आणि आत येऊन परत पालथ्या घमेल्यावर बसले. आजी बाहेरून विचारतात, "काहून हो, मी काय केलं?" हे आतून म्हणतात, "काही न्हाई, आजी. तिथं सावली चांगली हाय."

*

तांबडीचं झालं होतं असं. पहिल्या वेताला तिचा जार अडकला, म्हणजे वासरामागून पडायची वार आतच राहिली. कुणीतरी हात घालून ओढून काढला. त्यानंतर पिशवीत पू झाला, औषधं झाली, गाय बरी झाली. पण गाभण राहीना. माजावर यायची, भरवायचो, आणि तीनेक आठवड्यांनी पुन्हा हंबरायला लागायची. ह्याला इकडं 'गाय उलटली' म्हणतात. ती उलटतच राहिली. गावात मोटारसायकलवर टाकी बांधून फिरणारा इंजेक्शनवाला पोरगा होता, बैल न आणता नळीनं गाय भरवणारा. भला मुलगा. दरवेळी तो म्हणायचा, पिशवी धुऊन घेऊ. आणि धुवायचा.

शेवटी मामा म्हणाले, "आता एकच डाव. ह्या डावाला न्हाई राहिली तर कळमनुरीचा बाजार." मामा काही निर्दय माणूस नव्हे. पण दूध नाही, वासरू नाही, आणि चारा तर रोज लागतोच. ते बोलले आणि मग बराच वेळ गायीच्या वशिंडावरून हात फिरवत बसले.

मला मात्र काही सुचेना. ह्या घरात पहिल्या दिवशी माझ्याकडं कुणी निवांत बघितलं असेल तर तांबडीनं. बाकी सगळे माझं बोलणं ऐकून हसत होते. तिला बाजार दाखवणार ह्या विचारानं मी दिवसातून दहादा गोठ्यात जाऊन यायचे. आणि खरं सांगायचं तर अजूनही काही वाटायचं, ते मी कुणापाशी बोलले नाही. तिचं राहत नाही म्हणून तिला काढतात, तर माझं.

त्या इंजेक्शनवाल्या पोरानंच डॉक्टरांना आणलं. "आमचे सर हायेत, एकदा दाखवू." डॉक्टर आले, दाराशी विचारून आत आले, घमेलं पालथं घालून बसले, आणि चहा दोनदा निवेपर्यंत तांबडीकडं बघत राहिले. मग त्या पोराला विचारलं.

"किती येळा धुतली?"

"दर डावाला, सर."

"धुऊन काय निघालं?"

"काही न्हाई, सर. साफच होतं."

"मग धुतली काहून?"

पोरगा मामांकडं बघून म्हणाला, "मालक म्हणतात ना सर, काही तरी करा."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "बराबर. मालकाला काही तरी केलेलं दिसलं पायजे. मीबी नोकरीत असताना धुतल्यात लई. दिसतं, माणूस काम करून राहिलाय."

मी तेव्हा अंगण झाडत होते. ते बाहेर आले आणि माझ्या हातातला खराटा घेतला. आत्याबाई म्हणाल्या, "अवं डाक्टर, हे काय," पण ते गमबुटांनी फराफरा अंगणभर फिरून झाडायलाच लागले. झाडता झाडता बोलत होते.

"हे बघा. गाय भरवली की बैलाचं बीज आत जातं. लाखोंनी. त्यातलं एक कामाचं, बाकी सगळा कचरा. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात आन अंगण झाडून घेतात. हे चांगलंच. झाडलंच पायजे. पण झाडून झालं की खराटा खाली ठेवावा लागतो." त्यांनी खराटा खाली ठेवला. वाकून भुशातला एक कण उचलला आणि आम्हाला दाखवलं. "काहून? तर आता पाव्हणं येणार हाय. एवढं. ते अर्धं गायीचं, अर्धं बैलाचं. म्हंजे अर्धं परकं. आन परकं दिसलं की बाहेर टाकायचं हे तर त्या पेशींचं कामच. मग वासरू टिकतं कसं?"

मामांनी घसा खाकरला.

"पिशवी सांगते म्हणून. पिशवी म्हणते, थांबा, हे राहू द्या. नुसतं राहू द्या न्हाई, ह्याची देखभाल करा. ज्या पेशी झाडायला आल्या त्यातल्याच काही मग घर बांधू लागतात, नव्या रक्तवाहिन्या घालतात. पिशवी म्हंजे नुसती थैली न्हाई. पिशवी म्हंजे घरातली सासू समजा."

"माझं नाव काहून घेऊन राहिले?" आत्याबाई ओसरीवरून.

"नाव न्हाई घेतलं, वहिनी. काम सांगितलं. आता ही तुमची सूनबाई. कुठली समुद्राकाठची. भाकर जमत न्हाई तिला..."

"ते तर खरंच हाय."

"बोलणं कळत न्हाई तिचं..."

"आता कळतं थोडं थोडं."

"तरी ठेवली ना तुमी?"

"ठेवली म्हंजे? ती काय भांडं हाय ठेवायला?" आत्याबाई चिडून म्हणाल्या. "आमची हाय ती."

सगळे हसले. मी आत निघून गेले, पाणी आणायच्या निमित्तानं. माठाशी उभी राहिले बराच वेळ. आत्याबाईंना वाटलं असेल मी लाजले.

बाहेर डॉक्टर सांगत होते, "तुमच्या गायीची पिशवी आता साफ हाय. पण पू झाला तवापासून त्या पेशींनी खराटा खालीच ठेवला न्हाई. अन तुमी दर डावाला आत औषध ओतता, त्या पुन्हा उठतात. पाव्हणं येतं तवा आत झाडझूड चालूच."

"मंग आता काय करावं?" मामा.

"काही न्हाई."

"काही न्हाई?"

"येणारा माज सोडून द्या. भरवू नका. पिशवीला निवांत पडू द्या. त्याच्या पुढच्या माजाला बघू."

माज सोडायचा! हे आमच्या वस्तीवर कुणी कधी ऐकलं नव्हतं. माजावर आलेली गाय बांधून ठेवायची आणि काही करायचं नाही, म्हणजे पिकलेलं शेत उभं ठेवून घरी बसायचं. तो माज आला तेव्हा तांबडी दिवसभर हंबरत होती आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून सांगत होता, "गाय माजावर हाय की." मामा खाटेवर तोंड फिरवून पडले. आत्याबाईंनी एकाला उत्तर दिलं, "आमाला कान हायेत." पण मनातून त्यांनाही पटलेलं नव्हतं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "म्हातारं खुळं असलं तर गाय जायची बघ आपली."

*

पुढचा माज आला. डॉक्टर ऊन व्हायच्या आत हजर. माजाला गाय जो चिकट तारेसारखा स्राव टाकते त्याला सोट म्हणतात. तो त्यांनी पाणी प्यायच्या काचेच्या पेल्यात धरला आणि सूर्याकडं करून बघितला. अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ. एकही पांढरा ठिपका नाही. पेला त्यांनी माझ्या हाती दिला, आत्याबाईंनी तो पुन्हा कधी घरात घेतला नाही, ते वेगळं. मग आम्हा सगळ्यांना हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभं केलं, मामांनासुद्धा, आणि त्या पोराला म्हणाले, "आता कर. हळू. घाई काय, तुला गाडी धरायची हाय का?"

गाय भरवली. धुणं नाही, औषध नाही. एवढंच सांगितलं की तिला उन्हात न्यायचं नाही, पळवायचं नाही, दुपारी गोठ्यावर ओली पोती टाकायची. ऊन फार तापलं तर कोवळा गर्भ तग धरत नाही, म्हणाले. पोती ओली करायचं काम मी माझ्याकडं घेतलं.

एक दिवस मध्ये गेला आणि त्यानंतरच्या सकाळी शेण काढायला गेले, तर तांबडीच्या शेपटीला रक्त.

जास्त नव्हतं. शेपटीच्या केसांना लागलेलं, आणि खाली जमिनीवर थोडं. पण मला पुढचं काही दिसेना. मी तिथंच खाली बसले. मग आत जाऊन, कुणाला न सांगता, डॉक्टरांना फोन लावला. बोलले काय ते आठवत नाही. ते लगेच आले. त्या दिवशी त्यांनी गायीला येऊ का विचारलं की नाही तेही मी बघितलं नाही.

शेपूट बघितली, जमीन बघितली. म्हणाले, "हे माजाचं रक्त. माज सरला की एक-दोन दिवसांनी बऱ्याच गायींना येतं. त्याचा गाभाशी काही संबंध न्हाई. राहिलं असलं तरी येतं, न्हाई राहिलं तरी येतं. लोक बघतात आन म्हणतात, गेलं. काही गेलं न्हाई."

"नक्की?"

"हे नक्की. बाकी राहिलं का न्हाई ते ठाऊक न्हाई."

'ठाऊक न्हाई' हे ते फार आनंदानं म्हणायचे. दुसरा माणूस जसा पेढा हातावर ठेवतो तसं. मला मात्र रडू आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, गायीच्या मानेकडं बघत राहिले. आत्याबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांना बघून असेल किंवा नसेल, पण ते सावकाश बोलायला लागले.

"सूनबाई, लई गर्भ असेच जातात. पहिल्या काही आठवड्यांत. गायीचे, म्हशीचे, बायांचे. कवा बीजातच खोट असते. कवा आतलं बोलणं जुळत न्हाई, गर्भ सांगतो ते पिशवीपर्यंत पोचत न्हाई. जनम गेला माझा ह्याच्यात, अन मला अजून अर्धंच ठाऊक हाय. पण एवढं सांगतो. कळशी उचलल्यानं जात न्हाई. गाडीवर बसल्यानं जात न्हाई. गायीचं काही चुकलं म्हणून जात न्हाई."

मी पदरानं तोंड पुसलं. आत्याबाई आत गेल्या. दुपारी जेवताना त्यांनी माझ्या ताटात दोनदा तूप वाढलं आणि मी नको म्हटल्यावर म्हणाल्या, "खा, गप."

त्या दोन-अडीच आठवड्यांत डॉक्टर जवळजवळ रोज यायचे. काम काही नसायचं. घमेल्यावर बसून बोलायचे, गायीशी का माझ्याशी ते कळायचं नाही. आत्याबाई ओसरीवर धान्य निवडत असायच्या. तेव्हा त्यांनी सांगितलेलं एक माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाले, गर्भ तेव्हा एखाद्या दोऱ्यासारखा लांबत जातो आणि पिशवीला सांगावा धाडतो, मी आहे. आणि हा सांगावा कसला? अंगात विषाणू शिरला की पेशी जी आरोळी मारतात, धोका, धोका, जवळपास त्याच जातीची. "म्हंजे लेकरू चोर आला म्हणून ओरडतं," डॉक्टर म्हणाले, "अन पिशवी त्याच्यात ऐकते, आई मी आलो. कसं ऐकते? ते बघायला लई लोक बसलेत. त्या आरोळीनं माज थांबतो. ही खबर पिशवीतच राहत न्हाई बरं, मानेच्या शिरेतल्या रक्तापर्यंत जाते. सगळ्या अंगाला समजतं, घरात कोणी आलंय." त्यांनी तांबडीच्या गळ्याखालच्या पोळीवर पहिल्यांदाच हात ठेवला. "ह्या बाईला आता कळलं असन, नसन. आपल्याला काय ठाऊक."

*

माज परत येण्याचे दिवस आले. ह्याच दिवसांवर सगळं होतं. उलटली तर बाजार. त्या दिवसांत डॉक्टर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेलेले.

एका दुपारी तांबडी अस्वस्थ झाली. दावं ओढायला लागली, शेपटी उचलून उभी राहिली, आणि एकदा हंबरली. एकदाच; पण मामांनी ऐकलं. त्यांनी फोन काढून त्या इंजेक्शनवाल्या पोराला बोलावलं. तो आला, टाकी उतरवली, हातमोजा चढवला. मामा म्हणाले, "भर. अजून एक डाव देऊ तिला." त्यांच्या मनानं ते गायीला सवलत देत होते.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"सोटाची तार दिसते का?" डॉक्टर तिकडून. दवाखान्यातला गोंगाट ऐकू येत होता.

"न्हाई, सर," पोरगा म्हणाला.

"नळी घालू नकोस. गाभण गायीबी कवाकवा माज दाखवतात, फसवा. आत गर्भ असला अन तू नळी घातली तर होतं ते जाईल."

"फोनमधून गाय दिसती का तुमाला?" मामांचा आवाज चढला.

"न्हाई दिसत. म्हणूनच म्हणतो, थांबा."

"अन खराच माज असला तर? पुन्हा तीन आठवडे. एकदा तुमच्या सांगण्यावरून सोडला. मी आता थांबणार न्हाई."

पोरगा हातमोजा घालून मधोमध उभा. मी ह्या घरात मामांपुढं कधी बोललेच नव्हते. तेवढ्यात आत्याबाई ओसरीवरून उतरल्या, सरळ गोठ्यात गेल्या आणि तांबडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या आणि त्या पोराच्या मध्ये.

"काढ बाबा तो मोजा."

"आगं, बाजूला हो," मामा म्हणाले.

"न्हाई होत. ते आत काही सांगून राहिलं असन. आधी ऐकू तर द्या तिला."

मामांनी फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग आत्याबाईंना म्हणाले, "तू कवापासून डाक्टर झालीस?"

"मला काही ठाऊक न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, "पण मी इथून हलणार न्हाई. उलटली तर मी सोता दावं धरून बाजारात घेऊन जाईन. तुमी येऊ नका."

फोन चालूच होता. डॉक्टर ऐकत होते. पोरानं हळूच मोजा काढला आणि खिशात घातला, आणि मामा खाटेवर जाऊन बसले. आत्याबाई तशाच उभ्या. तांबडीनं शेपटी खाली घेतली ती त्यांच्या खांद्यावरच.

संध्याकाळपर्यंत ती शांत झाली. दुसऱ्या दिवशी हंबरली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तो आठवडा आम्ही तिघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. बोललं तर काही बिघडेल असं वाटत होतं. आणखी काही आठवड्यांनी डॉक्टर एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले. कोपरापर्यंतचा मोजा घातला, गायीच्या मागं उभे राहिले, तोंड भिंतीकडं केलं आणि चांगला डोळाही मिटून घेतला. आत हात असताना त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. अंधारात खिळ्याला अडकवलेली किल्ली शोधणाऱ्या माणसासारखा.

"हाय," ते म्हणाले.

मामा उठले, घरात गेले, बाहेर आले, पुन्हा घरात गेले. मग गोठ्याच्या दाराशी येऊन म्हणाले, "डाक्टर, जेवून जा." डॉक्टर म्हणाले, "भाकर कोन करणार हाय?" आत्याबाई म्हणाल्या, "सून." डॉक्टर म्हणाले, "मग बसतो. चावायला येळ लागन, पण बसतो."

तांबडीला कालवड झाली, तशीच लाल. तोवर डॉक्टर भोपाळला गेले होते, लेकीनं नेलं. फोनवर मी कालवड झाल्याचं सांगितलं तर तिकडून पंधरा मिनिटं जार कधी पडला, आपोआप पडला का, कुणी ओढला तर नाही ना, एवढंच. ओढला नाही, सांगितलं. मग म्हणाले, "मग सगळं बरं हाय," आणि ठेवला. त्या माणसानं मला 'कशी आहेस' म्हणून एकदाही विचारलं नाही. पण माझ्या पाठीवरचं एक ओझं त्यांनी उतरवून ठेवलं, आणि ते कसलं होतं हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मलाही ठाऊक नाही. त्यांच्यासारखं ते आनंदानं म्हणायला मला अजून जमत नाही.

आता ह्या महिन्याचं सांगते. सांगावं की नाही, धास्ती वाटते. माझे दिवस वर गेलेत. थोडेच. नवऱ्यालाही अजून सांगितलं नाही, आईलाही नाही. मनात रोज तेच प्रश्न उठतात, आणि मी त्यांना रोज बसवते.

आत्याबाईंना मी काही बोलले नाही. पण काल सकाळी मी खुराक भिजवायला बादली उचलली, तर त्यांनी येऊन ती माझ्या हातातून घेतली. मी म्हटलं, "आत्याबाई, बादलीनं काही होत नाही. डॉक्टरच म्हणाले होते."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "मीबी तिथंच होते. पण म्हातारं असंबी म्हणालं होतं, निवांत राहू द्या."

मग मला ओसरीवर सावलीत बसवलं. थोड्या वेळानं पलीकडच्या घरची बाई विळा मागायला आली. मला बसलेली बघून म्हणाली, "आज सून कामाला न्हाई लागली व्हय?"

"बसली हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"काहून?"

आत्याबाईंनी विळा आणून तिच्या हातात दिला.

"बसू दे," त्या म्हणाल्या.